मुठेल: कोकणातल्या घरगुती मलमाचा मागोवा

कुडाळ, सावंतवाडी, मालवणच्या बाजारात आमसुलं आणि आगळाच्या बाटल्या मांडलेल्या असतात, त्यांच्या शेजारी कधी कधी पांढरट पिवळसर गोळेही ठेवलेले दिसतात. आकार लांबट अंड्याचा, कडेला दाबलेल्या बोटांचे ठसे. हातात घेतला तर कोरडा आणि कडक, नखाने खरवडला तर भुकटी पडते, आणि तीच भुकटी बोटांत चोळली की तेलकट लागते. हे रातांब्याच्या बियांचं तेल, म्हणजेच कोकमतेल. भर मे महिन्यातही ते सहसा पातळ होत नाही, म्हणून बाटलीत भरायची गरज पडत नाही. मुठीत दाबून गोळे वळायचे आणि ठेवून द्यायचे. तळकोकणात त्याला मुठेल म्हणतात, गोव्याच्या बाजूला भिरंडेल.

फुटलेल्या टाचा, थंडीत उललेले ओठ, कामाने चिरलेली बोटं, खरचटून कोरडी पडलेली कातडी या सगळ्यांवर कोकणातल्या घराघरांत हाच एक गोळा वापरला गेला. महाराष्ट्रात इतर ठिकाणी इतर तेलं होती. किनाऱ्यावर खोबरेल आणि उंडीचं तेल, खाजखरजेला करंजेल, विदर्भातल्या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचं तेल. त्यातलं एकच निवडून त्याची वंशावळ काढायची, तर मुठेलाइतकं मनोरंजक तेल दुसरं नाही. गावच्या चुलीपासून लंडनच्या औषधकोशापर्यंत आणि पुढे युरोपच्या चॉकलेटपर्यंत ते पोहोचलं, आणि तरी त्याच्या मूळ कामात तसूभर फरक पडला नाही.

आधी ते होतं कसं ते पाहू, कारण या तेलाचा सगळा इतिहास त्याच्या करण्यात दडलेला आहे.

एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकून लालभडक होतात. ते फोडून सालं वेगळी काढतात. मिठाच्या रसात बुडवून, उन्हात वाळवून, पुन्हा बुडवून, पुन्हा वाळवून त्यांची आमसुलं होतात. घराला पैसा मिळतो तो या सालांचा. मागे उरतात बिया, एका फळात साधारण 5 ते 8. त्या चोळून धुतात, गर काढतात आणि अंगणात कडक उन्हात पसरतात. पावसाआधी त्या खडखडीत वाळल्या पाहिजेत, नाहीतर बुरशी धरते. वाळलेली बी फोडून पाखडली की कवच उडतं आणि आतला मगज राहतो. तो व्हायनात, म्हणजे उखळात, कुटायचा, बारीक झालेला कूट मोठ्या टोपात पाण्याबरोबर उकळत ठेवायचा. हळूहळू वर तवंग येतो. तो पळीने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घ्यायचा, पाण्याचा अंश जाईपर्यंत पुन्हा तापवायचा आणि फडक्यातून गाळायचा. निवता निवता ते थिजू लागतं. फार गरम असताना हात घातला तर पोळतो, फार थांबलं तर भांड्यातच दगड होतो. या दोहोंच्या मधली नेमकी वेळ हाताला कळावी लागते, तेव्हाच गोळे नीट वळले जातात.

बियांच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा तेल असतं, पण अशा उकळण्याने ते सगळं सुटत नाही. एवढा खटाटोप करून दोन-चार गोळे मिळाले तरी घराचं वर्ष निघून जाई. म्हणजे हे औषध वेगळं पिकवलेलं किंवा विकत आणलेलं नव्हतं. आमसुलं केल्यावर जे उरलं ते फुकट घालवायचं नाही, या शहाणपणातून ते आलं. मागोवा घेताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी या तेलाकडे बाहेरून पाहिलं, त्यांचा पहिला प्रश्न असायचा, किती मिळेल? घरातला प्रश्न साधा होता, पावसाळा आणि थंडी निघेल ना?

भेगेवरच्या उपचाराची जुनी नोंद सुश्रुतसंहितेत सापडते. क्षुद्ररोगांच्या प्रकरणात सुश्रुताने पाददारी नावाचा विकार सांगितला आहे. जो सतत चालतो त्याचे पाय रूक्ष होतात आणि तळव्याला दुखऱ्या भेगा पडतात, असं त्याचं निदान. उपचारात स्नेहन आणि शेक आहे, आणि त्यानंतर मेण, चरबी, मज्जा, राळ, तूप अशा द्रव्यांचा लेप. या यादीत पातळ तेलापेक्षा घट्ट राहणाऱ्या गोष्टीच जास्त आहेत. भेग बुजवायची, वरून झाकायची आणि आतला ओलावा धरून ठेवायचा, ही कल्पना तिथे स्पष्ट दिसते. व्रणाच्या उपचारांचे साठ उपक्रम सांगणाऱ्या या ग्रंथात तेल-तुपाला मानाचं स्थान आहेच.

आयुर्वेदात कोकमाला वृक्षाम्ल म्हणतात, पण तिथे त्याची कीर्ती आहे ती फळाच्या आंबट गुणासाठी, पचनाच्या औषधांत. भेगेत काहीतरी घट्ट स्निग्ध भरावं, हे तत्त्व शास्त्रात होतं. कोकणात त्यासाठी मेण आणि चरबीपेक्षा जवळचं, स्वच्छ आणि बिनवासाचं द्रव्य अंगणातल्या झाडावर लागत होतं. शास्त्राच्या तत्त्वाला घरच्या बियांची जोड मिळाली ती स्वयंपाकघरात, आणि तिथे कुणी पोथी लिहीत बसलं नव्हतं.

कागदावर कोकमाचा युरोपला परिचय झाला तो गोव्यातून. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता, मुंबई बेटही त्याच्याकडे पट्ट्याने होतं. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हिंदुस्थानातली औषधी आणि फळं आहेत, आणि त्यात ब्रिंदाँव हे फळही आहे. भिरंड या कोकमाच्या गोव्यातल्या नावाचंच ते पोर्तुगीज रूप. आतून रक्तासारखं लाल, अतिशय आंबट, सालीचा उपयोग रंगाला आणि शिरक्याला, अशी त्याची नोंद आहे. ओर्ताच्या नजरेत फळ आणि साल भरली. बिया त्याच्या टिपणात औषध म्हणून येत नाहीत. ओर्ता चौकस होता, स्थानिक वैद्यांशी बोलणारा होता, पण त्याच्यापर्यंत पोहोचलं ते बाजारात विकलं जाणारं फळ. घरात उकळलं जाणारं तेल त्याच्या वाटेत आलं नाही.

या झाडाला शास्त्रीय नावही त्याच वाटेने मिळालं. तुआर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ब्रिंदोनिया इंडिका म्हटलं आणि 1824 मध्ये श्वाझी याने ते गार्सिनिया या प्रजातीत नेऊन गार्सिनिया इंडिका असं आजचं नाव दिलं.

तेलाची लेखी ओळख व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं, आणि ती ओळखही औषध म्हणून झाली नाही. 1830 च्या सुमारास हिंदुस्थानातल्या एका वृत्तपत्रात आलं की हे तेल गोव्यात सर्वांना ठाऊक आहे आणि तुपात भेसळ करायला ते वापरतात. रंगाने पांढरट, चवीला सौम्य, थिजलेलं, त्यामुळे ते तुपात सहज मिसळून जाई. भेसळीच्या बातमीतून का होईना, इंग्रज डॉक्टरांचं आणि औषधविक्रेत्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. मलमं करायला त्यांना एक चांगली, न नासणारी चरबी हवीच होती. विलायतेत मलमात डुकराची चरबी आणि देवमाशाच्या डोक्यातून निघणारं स्पर्मासेटी वापरत. इथल्या उन्हाळ्यात चरबी पातळ होई आणि खवट होई. शिवाय असली चरबी अंगाला लावून घ्यायला इथले रोगी राजी नसत. कोकमतेलाला या दोन्ही अडचणी नव्हत्या.

1868 मध्ये एडवर्ड वेअरिंग यांच्या संपादनाखाली फार्माकोपिया ऑफ इंडिया निघाली आणि तिच्यात कोकमतेलाची दखल घेतली गेली. 1874 मध्ये लंडनला फ्लुकिगर आणि हॅनबरी यांचा फार्माकोग्राफिया हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एक स्विस प्राध्यापक आणि एक लंडनचा औषधशास्त्रज्ञ, दोघांनी मिळून जगभरच्या वनस्पतिज औषधांचा इतिहास त्यात तपासला. कोकमतेलावर त्यात स्वतंत्र टिपण आहे. बाजारात मिळणारे अंडाकृती गोळे सुमारे 4 इंच लांब आणि वजनाने सुमारे पाव पौंड असतात, स्पर्शाला कोरडे पण तेलकट लागतात, हे वर्णन त्यांनी केलं आहे. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल थिजवण्याची रीतही दिली आहे. आज सिंधुदुर्गातल्या एखाद्या खळ्यात जे चालतं, ते दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पानावर जवळपास तसंच आहे. काही औषधी मिश्रणांसाठी हे तेल चांगलं आहे आणि मेणबत्त्यांसाठी लागणारं स्टिअरिक आम्ल त्यातून सहज मिळेल, असंही त्यांनी लिहिलं. पण मोठ्या उद्योगाला पुरेल इतकं ते मिळेल का, याची त्यांना शंकाच होती.

ती शंका रास्त होती. कोकमाचं झाड पश्चिम घाट आणि कोकणपट्टीचं. तेव्हा त्याच्या बागा नव्हत्या, परसात एखादं, ओहोळाच्या काठी दोन-चार, बाकी रानात. बी रुजवून आलेलं झाड फळायला सात-आठ वर्षं घेतं, आणि त्यातली निम्मी झाडं नर निघतात, ज्यांना फळच धरत नाही. अशा झाडावर कारखाना उभा राहत नाही. म्हणून ग्रंथात मानाने येऊनही कोकमतेल व्यापारात मोठं झालं नाही, ते घरातच राहिलं.

याच सुमारास त्याचा प्रतिस्पर्धी जन्माला येत होता. अमेरिकेत रॉबर्ट चीझब्रो याने खनिज तेलाच्या विहिरींवर जमणाऱ्या चिकट गाळातून पांढरी जेली काढली आणि 1872 मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. ती स्वस्त होती, नासत नव्हती, हवी तेवढी निघत होती. किती मिळेल, या प्रश्नाला तिच्याजवळ चोख उत्तर होतं. विसाव्या शतकात तिच्या डब्या गावोगाव पोहोचल्या आणि भेगांवर, ओठांवर तीच लागू लागली. मुंबईला गिरणीत, गोदीत कामाला गेलेला चाकरमानी गावाहून येताना आमसुलं, कुळीथ यांच्याबरोबर मुठेलाचा गोळाही आणत असे. पुढच्या पिढीने तो आणणं सोडलं.

यात मुठेल गुणाने हरलं का? इथे थोडं बारकाईने पाहायला हवं.

कोकमतेलात निम्म्याहून जास्त वाटा स्टिअरिक आम्लाचा असतो आणि उरलेल्यात बहुतेक ओलिक आम्ल. या घडणीमुळे ते साधारण 38 ते 42 अंश सेल्सिअसला वितळतं. खोबरेल 25 अंशांच्या आसपासच पातळ होतं. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग शरीराच्या आतल्यापेक्षा थंड असतो, साधारण 32-33 अंशांचा, आणि तळपाय बहुधा त्याहूनही थंड. म्हणजे खोबरेल भेगेत घातलं तर ते वाहून निघून जातं. कोकमतेल मात्र गरम करून घातलं की भेगेच्या तळापर्यंत उतरतं आणि अंगाच्या उबेला न वितळता तिथेच थिजतं. घरातली रीत या गुणावरच बसवलेली आहे. रात्री कामं आटोपली की पाय कोमट पाण्यात भिजवून घासायचे आणि कोरडे पुसायचे. गोळ्यातून सुपारीएवढा तुकडा सुरीने तासून फोडणीच्या पळीत घ्यायचा आणि पळी निखाऱ्यावर धरायची. तेल पातळ झालं की सोसवेल इतकं निवू द्यायचं आणि कापसाच्या बोळ्याने भेगेत थेंब थेंब सोडायचं. क्षणात ते पांढरं होऊन बसतं. वर जुनं सुती फडकं बांधायचं आणि झोपायचं. सकाळी चालताना भेग ताणली जात नाही, माती आत शिरत नाही. तीन-चार रात्री असं केलं की कडा मऊ पडतात आणि खालून कातडी भरू लागते.

ती का भरते, याचं उत्तर विज्ञानाने उशिरा दिलं. जखम उघडी ठेवावी, हवा लागून खपली धरली की ती बरी होते, असंच बराच काळ डॉक्टरही मानत. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरच्या उथळ जखमांचा अभ्यास नेचर या नियतकालिकात मांडला. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने चढते, असं त्याला आढळलं. कारण सोपं आहे. नव्या पेशींना सरकायला ओला पृष्ठभाग लागतो, कोरडी खपली त्यांची वाट अडवते. किरकोळ जखमेवर स्निग्ध थर देऊन ती झाकावी, हा आजचा वैद्यकीय सल्ला याच तत्त्वावर उभा आहे. या कसोटीवर मुठेल आणि व्हॅसलीन एकाच घरातली भावंडं ठरतात. दोघांचं मुख्य काम झाकणं, ओलावा राखणं. मुठेलात जादू नाही, आणि तसा दावा कुणी करू नये. पण भेगेत टिकून राहण्याच्या गुणात ते खोबरेलापेक्षा उजवं आहे, हे त्याच्या वितळण्याच्या आकड्यावरूनच कळतं.

मुठेलाला दुसऱ्यांदा बाहेरचं बोलावणं आलं ते अनपेक्षित दिशेने. कोको बटर महाग, आणि चॉकलेटला तर तसंच कडक पण तोंडात वितळणारं स्निग्ध द्रव्य लागतं. कोकमतेलाची अंतर्गत रचना कोको बटरच्या जवळची आहे. 2000 साली युरोपीय संघाने चॉकलेटचा नियम केला, तेव्हा कोको बटरखेरीज सहाच वनस्पतिज मेदांना जास्तीत जास्त 5 टक्क्यांपर्यंत परवानगी दिली. पाम, साल, शिया, इलिपे आणि आंब्याच्या कोयीचं तेल यांच्या पंक्तीत कोकम बसलं. त्याच काळात सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनीही ते उचललं. आज कोकम बटर या नावाने ते परदेशी लोशनच्या बाटल्यांवर झळकतं, शुद्ध केलेलं, बिनवासाचं, सुरेख डबीत. उपयोग तोच, कोरडी आणि फुटलेली त्वचा.

झाडाची बाजूही बदलली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कलमं विकसित केली, 1997 मध्ये कोकण अमृता ही जात दिली. कलम मादी झाडाचं असलं की नर निघण्याची भीती राहत नाही, आणि फळही लवकर धरतं. 2016 मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. फ्लुकिगर-हॅनबरींच्या शंकेला उत्तर देता येईल, अशी परिस्थिती पहिल्यांदाच आली आहे.

आणि इथेच मला मनापासून काळजी वाटते. मागणी वाढली तशा बिया पोत्यांनी उचलल्या जाऊ लागल्या. गावातून बी जाते, गिरणीत द्रावक वापरून तिचं तेल निघतं, किंमत वाढते ती पुढच्या टप्प्यांवर. बिया गोळा करणारी, धुणारी, वाळवणारी बाई मात्र सुक्या बियांच्या किलोच्या दरावरच राहते. आमसुलाचं तर ती निदान स्वतःचं पाकीट करून विकते. जे तेल तिच्या घराण्याने टिकवलं, त्याच्या वाढलेल्या मोलात तिचा वाटा जवळपास नाही. बचत गटांना बी फोडायचं यंत्र आणि तेल गाळण्याची छोटी सोय मिळाली, तर बी न विकता मुठेलच विकता येईल. चॉकलेटच्या कारखान्याला पुरेल इतकं त्यांनी करायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या फुटलेल्या टाचांना पुरलं तरी खूप झालं.

घरात वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात, कारण परंपरेवर प्रेम असलं म्हणजे तिच्या मर्यादा झाकायच्या नसतात. मुठेल जंतू मारत नाही. जखम आधी साबण-पाण्याने स्वच्छ धुवा, मगच तेल लावा. गंजलेल्या लोखंडाने किंवा शेणमातीत चिरलं असेल तर धनुर्वाताची लस घ्या. ताज्या भाजण्यावर कुठलंही तेल घालू नका. आधी 20 मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, तेल लावायचंच तर काही दिवसांनी, कातडी भरून आल्यावर. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या बुरशीने होतात, त्यांना वेगळं औषध लागतं. आणि मधुमेह असलेल्यांनी पायाची भेग घरगुती समजू नये, थेट डॉक्टरांना दाखवावी.

एवढं पाळलं तर बाकी सगळ्या भेगांसाठी मुठेल आजही पहिल्या नंबरचं मलम आहे. परसात रातांबा असेल तर या मेमध्ये बिया उकिरड्यावर टाकू नका, घरातल्या जाणत्या बाईकडून गोळे वळायला शिकून घ्या. झाड नसेल, तर कोकणात गेल्यावर आमसुलांबरोबर एक गोळा मागून घ्या, आणि शक्यतो तो वळणाऱ्या हातांकडूनच घ्या.